चाळीस टक्क्यांची परीक्षा

परीक्षेवर माझे पोट चालते. तेव्हा परीक्षेविरुद्ध मीच लेखणी उचलावी हे काहींना कृतघ्नपणाचे वाटेल. पण परीक्षा कोणत्या हेतूने घेतली आहे, हे प्रश्नपत्रिका हाती येताच मास्तराच्या जितके लवकर ध्यानात येते तितके इतरांच्या येत नाही. मुलाला काय येते हे शोधण्यासाठी काढलेली प्रश्नपत्रिका वेगळी आणि वर्गात बाके कमी आहेत म्हणून मुले गाळण्यासाठी काढलेली वेगळी. आपल्या सरकारने आपल्या अपंग नागरिकांसाठी जी परीक्षा ठेवली आहे ती या दुसऱ्या जातीची आहे, असे माझे म्हणणे आहे. दिवाळीच्या अंकात, चकलीच्या ताटाशेजारी हे म्हणणे मांडतो आहे याबद्दल वाचकांनी रागावू नये. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग मोजले गेले. म्हणजे हा अंक ज्या घरांत जाईल त्यांतल्या पुष्कळ घरांत, निदान त्यांच्या शेजारी तरी, या परीक्षेचा एखादा उमेदवार असणारच.

प्रथम कायद्याचे ऋण मान्य करतो. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्याने एकवीस मानले. १९ एप्रिल २०१७ पासून हा कायदा देशात लागू आहे. वाचून पाहावा असा कायदा आहे. त्यात सन्मान आहे, समानता आहे, शिक्षण आहे, नोकरीतला चार टक्के राखीव वाटा आहे. अपंगांना द्यावयाचे साहाय्य इतरांच्या तशाच योजनेहून निदान पंचवीस टक्क्यांनी अधिक असावे, असे त्याचे २४ वे कलम सांगते. जवळपास, विशेषतः खेड्यांत, मोफत उपचार मिळावेत असे २५ वे कलम सांगते. शब्दांची कंजुषी कुठेही नाही. शब्द तर त्याआधीच बदलले होते. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून सुचविले आणि कालचा अपंग आज दिव्यांग झाला. ३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र खातेच उघडले. खाते उघडले, उत्तम झाले. पण अंग दिव्य आहे असे एका तोंडाने म्हणावयाचे आणि ते किती टक्के निकामी आहे याचा दाखला आण, असे दुसऱ्या तोंडाने सांगावयाचे, ही भाषा मला अजून उमगलेली नाही. मी या लेखात अपंग हाच शब्द वापरणार आहे. ज्याला रिकाम्या हाताने परत पाठविले जाते त्याला देवत्व बहाल करण्याची मला लाज वाटते.

आता परीक्षा पाहू. शाळेत पस्तीस गुणांना मूल उत्तीर्ण होते. इथे चाळीस लागतात. बहुतेक सवलतींचे दार चाळीस टक्क्यांवर उघडते. केंद्राच्या इंदिरा गांधी अपंग निवृत्तिवेतनाला तर ऐंशी टक्के लागतात, वर घर दारिद्र्यरेषेखाली असावे लागते. इतकी विशेष योग्यता मिळविणाऱ्याला केंद्र दरमहा तीनशे रुपये देते, म्हणजे रोजचे दहा. ऑक्टोबर २०२४ च्या नियमांनी तर ओळखपत्रांना रंग दिले. चाळिसाच्या आत पांढरे, चाळीस ते ऐंशी पिवळे आणि ऐंशीपासून पुढे निळे. आमच्या गुणपत्रिकेला निदान असे रंग नसतात. काठावर अडकलेल्या मुलाला मास्तर दोनचार वाढीव गुण देतो; एकोणचाळीस टक्क्यांच्या माणसाला ते देण्याची मुभा कुणाला नाही.

एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला तर सरकारी मोजमापात किती टक्के होतात, ठाऊक आहे? तीस. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांना असे तीस मिळाले. मचव्यावर काम करणारा माणूस. दोर तुटला आणि डोळा गेला. एका डोळ्याच्या माणसाला अंतराचा अंदाज राहत नाही; हलत्या मचव्यावर काळोखात त्याला कुणी घेत नाही. घरी मांडीवर जाळे घेऊन तो सुई चालवीत बसतो. निकाल आला त्या आठवड्यात मुलाने मला मधल्या सुट्टीत विचारले, "गुरुजी, तीस म्हणजे बाबा नापास झाले ना?" बत्तीस वर्षांचा धट्टाकट्टा पुरुष, घरात चार तोंडे, समुद्र बंद झालेला, आणि कागदावर नापास. मुलाला मी काय सांगितले ते सांगण्यासारखे नाही, कारण सांगण्यासारखे काही नव्हतेच.

यावर कुणी म्हणेल, रेषा कुठेतरी ओढावीच लागते. मान्य. पण रेषा ओढणाऱ्याने आधी आपण काय मोजतो आहोत हे ठरवावयास नको काय? १९२३ साली, इंग्रजांच्या राज्यात, कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला. तो नाव बदलून २०२५ पर्यंत चालू होता. त्याच्या परिशिष्टात माणसाच्या अवयवांची यादी होती: अंगठा गेला तर तीस टक्के, तर्जनी गेली तर चौदा. त्या यादीत एक डोळा गेला, दुसरा चांगला असला, तर चाळीस टक्के लिहिले होते. एकच देश, एकच डोळा. एका कायद्यात तीस, दुसऱ्यात चाळीस. हा काही छापण्यातला दोष नव्हे. १९२३ चा कायदा विचारत असे, याची कमाई किती बुडाली? आजचे मोजमाप विचारते, याचा डोळा किती बुडाला? परक्या सरकारने, भले गिरणीमालकाचा हिशेब चुकता करण्यासाठी का होईना, पोटाकडे पाहिले. आपले सरकार नेत्रतपासणीच्या तक्त्याकडे पाहते.

माझ्या भांडणाचे मूळ इथे आहे. टक्का शरीराचा मोजला जातो आणि त्यावरून निकाल आयुष्याचा लावला जातो. पाय गेलेला कारकून आणि पाय गेलेला मिठागरावरचा मजूर यांचा टक्का एक. त्यांचे दुर्दैव एक आहे काय? कारकुनाची खुर्ची त्याची वाट पाहत असते. मजुराचे काम पायांनीच चालते. मीठ ओढावयाचे तर चिखलात उभे राहावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ सालीच सांगितले की अपंगत्व केवळ शरीरात नसते. माणसाला काय करावयाचे आहे आणि भोवतालची परिस्थिती त्याला काय करू देते, यांच्या मध्ये ते असते. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशाच्या एका खटल्यात असे ठरविले की, केवळ टक्केवारीच्या आकड्यावरून उमेदवाराला अपात्र ठरविता येणार नाही. त्याला प्रत्यक्ष काय करता येईल ते तपासले पाहिजे. तो खटला प्रवेशाचा होता, मदतीचा नव्हता, हे मला कळते. पण माणसाला काय जमेल हे जो आकडा सांगू शकत नाही, तो त्याला काय जमणार नाही हे तरी कसे सांगणार?

बरे, परीक्षेचे केंद्र कुठे? जिल्हा रुग्णालय अलिबागला. मोऱ्याच्या लोकांना पाण्याची वाट नवी नाही. भाऊच्या धक्क्याची लाँच आमच्या दारातून सुटते. पण ओहोटी लागली की गाळामुळे ती धक्क्याला येत नाही, आणि मग धडधाकट माणूससुद्धा भरतीची वाट पाहत बसतो. अलिबागला जावयाचे तर करंज्याला जाऊन तिथून रेवसची लाँच, पुढे एसटी. नाही तर पेणवरून वळसा. धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या, हलणारी फळी, खाली पाणी. ज्याला पाय नाहीत त्याने पाय नाहीत हे सिद्ध करण्यासाठी या पायऱ्या उतरावयाच्या. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा असा सुमारे बावीस किलोमीटरचा सागरी सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उरणपर्यंत रेल्वेही आली. मोटार असणाऱ्याला मुंबई हाकेच्या अंतरावर आली. करंजा ते रेवस ही खाडीची चिंचोळी पट्टी ओलांडण्याचा पूल मात्र आमच्या वडिलांच्या काळापासून बोलण्यात होता. त्याचे काम आता कुठे सुरू झाले आहे. घोडे मेले ओझ्याने आणि शिंगरू मेले हेलपाट्याने, अशी म्हण आहे. आमच्याकडे घोडा आणि शिंगरू दोन्ही एकाच माणसाला व्हावे लागते. अपंगत्वाचे ओझे त्याचेच आणि हेलपाटेही त्याचेच.

१ जून २०२१ पासून प्रमाणपत्र संगणकाच्या वाटेनेच मिळते. सोय झाली, नाही म्हणत नाही. पण परीक्षकाचे काय? प्रमाणपत्र देण्याची मुदत पूर्वी एक महिना होती, ती २०२४ च्या नियमांनी तीन महिने केली. आणि त्याच नियमांत अशी मौज आहे की वैद्यकीय अधिकाऱ्याने दोन वर्षांत अर्जाचा निकाल लावला नाही तर अर्जच निपचित पडावयाचा. अर्जदाराने पुन्हा अर्ज करावा, किंवा जुना जागा करण्यासाठी अधिकाऱ्याचे दार ठोठवावे. वाचकहो, मी दोन वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या नाहीत आणि शेवटी मुलांना सांगितले की तुम्ही पुन्हा परीक्षेला बसा, तर तुम्ही मला गावात राहू द्याल काय?

पहिला पेपर शरीराचा. दुसरा पेपर गरिबीचा. १९८० साली, आमच्याच जिल्ह्यातले बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. तिने महाराष्ट्रातल्या लाखो चुली विझू दिल्या नाहीत, हे उपकार विसरता येणार नाहीत. पण तिची उत्पन्नाची अट पाहा. अपंगाच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न पन्नास हजारांच्या आत हवे. इतर निराधारांचे तर एकवीस हजारांच्या आत. पन्नास हजारांचे दिवसाला १३७ रुपये होतात. एका माणसाचे नव्हे, सबंध घराचे. एवढ्यात चार माणसे जगतात असा दाखला ज्याने द्यावयाचा त्या तलाठ्याला ते खोटे आहे हे ठाऊक असते, घेणाऱ्यालाही ठाऊक असते. म्हणजे सरकारच गरिबाला खोटे बोलावयास शिकविते, आणि मग खोटे बोलतो म्हणून त्याच्याकडे संशयाने पाहते.

याच सरकारांनी गरिबीच्या इतर ठिकाणी कोणत्या पट्ट्या ठेवल्या आहेत? कुबड्या, तीनचाकी, श्रवणयंत्र देणारी केंद्राची योजना आहे. तिथे महिना साडेबावीस हजारांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याला साधन फुकट मिळते. म्हणजे वर्षाला दोन लाख सत्तर हजार. २०२४ साली महाराष्ट्राने लाडक्या बहिणींसाठी दरमहा दीड हजारांची योजना आणली. तिथली मर्यादा अडीच लाखांची. भाऊबीजेच्या दिवसांत बहिणीच्या ओवाळणीचा हेवा करणारा मी नव्हे. मिळू दे, आणखी मिळू दे. पण दोन लाख मिळविणाऱ्या घरातली बहीण गरीब, आणि साठ हजार मिळविणाऱ्या घरातला, अंथरुणावर पडलेला तिचा भाऊ श्रीमंत, हा हिशेब कोणत्या शाळेत शिकवितात? कुबडी देताना जो गरीब असतो तोच भाकरी मागताना गरीब राहत नाही!

आणि ते पंचवीस टक्के? कायदा २०१७ पासून सांगतो आहे की अपंगाला इतरांहून निदान सव्वापट द्या. जुलै २०२३ पासून निराधाराला महिना दीड हजार मिळू लागले, आणि अपंगालाही दीड हजारच. कायद्याने त्याचे निदान १८७५ होत होते. ऑक्टोबर २०२५ पासून अपंगांचे अनुदान अडीच हजार झाले. त्याबद्दल सरकारचे आभार मानतो. पण त्यासाठी मधली वर्षे मोर्चे निघावे लागले, उपोषणे व्हावी लागली. कायद्याने दिलेले मागण्यासाठी ज्यांना उभे राहता येत नाही त्यांना रस्त्यावर उतरावे लागले.

आता आरोग्याच्या विम्याकडे येऊ; कारण अपंगाच्या घरातले अर्धे पैसे औषधाकडे जातात. केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. तिची पात्र घरे २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीवरून निवडली गेली. खेड्यांसाठी त्यात एक कसोटी अशी होती: घरात अपंग माणूस असावा आणि धडधाकट प्रौढ एकही नसावा. ही अट पुन्हा वाचा. म्हणजे पक्षाघाताने पडलेल्या नवऱ्याची बायको धडधाकट असली, त्याला उठवीत-बसवीत असली, तर या कसोटीवर ते घर नापास! तिचे धडधाकट असणे हाच घराचा गुन्हा. जी बाई नवऱ्याच्या सेवेसाठी मजुरी सोडून बसली आहे तिची मजुरी सरकारने मात्र जमेस धरली.

महाराष्ट्राने यापुढचे पाऊल टाकले, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना प्रथम सुरू झाली त्यांत आमचा रायगड होता. तीच पुढे महात्मा फुले यांच्या नावाने चालली, आणि १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या शिधापत्रिकेसकट सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण लागू झाले. इथे पात्रतेची परीक्षाच जवळजवळ उठली. मग तक्रार काय उरली? तक्रार अशी की हे दार खाटेवर पडणाऱ्यासाठी आहे. शस्त्रक्रिया करा, दाखल व्हा, पैसे सरकार देईल. पण ज्याचा कणा दहा वर्षांपूर्वी मोडला त्याची शस्त्रक्रिया संपली. आता त्याला लागतात रोजच्या लघवीच्या नळ्या, पाठीच्या जखमेचा कापूस, व्यायाम करून घेणारा माणूस, फिट येऊ नये म्हणून गोळ्या, आणि या सर्वांसाठी गाडीभाडे. यांतले काही दाखल होऊन घेण्यासारखे नाही, म्हणून विम्यात नाही. जखम चिघळून रक्तात विष भिनले की मग विमा धावून येतो. दहा रुपयांच्या कापसाला नाही म्हणावयाचे आणि लाखाच्या खाटेला हो म्हणावयाचे, याला काटकसर म्हणत नाहीत.

हे अशक्य आहे असेही नाही. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची निरामय नावाची विमा योजना आहे. मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांना तिच्यात एक लाखापर्यंत खर्च मिळतो, आणि त्यात दाखल न होता घेतलेले औषध आणि उपचारही धरलेले आहेत. चार प्रकारांना जे देता येते ते एकविसांना का देता येऊ नये?

विरोधकांचा हुकमाचा पत्ता मला ठाऊक आहे: लबाडी. लोक खोटी प्रमाणपत्रे आणतात. खरे आहे, आणतात. २०२४ साली एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून महाराष्ट्रात गदारोळ उडाला आणि ३१ जुलै रोजी लोकसेवा आयोगाने त्यांची उमेदवारी रद्द केली. त्या प्रकरणाचे खरेखोटे न्यायालय पाहील. पण त्या गदारोळानंतर संशय कुणावर पडला? वर्षानुवर्षे लंगडत नोकरीला जाणाऱ्यांवर. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच. जरा विचार करा, कडक परीक्षा कोणाला अडविते? ज्याच्याकडे ओळखी आहेत, मोटार आहे, संगणक आहे, अर्ज लिहावयास माणूस आहे, त्याचे कागद नेहमीच सर्वांत नेटके असतात. कागदांची चळत वाढली की लबाड थकत नाही. थकतो तो खरा गरजू. तो तिसऱ्या हेलपाट्यानंतर घरी बसतो, आणि सरकारदरबारी एक खर्च वाचतो. ही बचत हिशेबाच्या कोणत्या सदरात लिहितात ते मला माहीत नाही.

लबाडी जरूर पकडा. ज्यांनी खोटी प्रमाणपत्रे दिली त्या सह्या शोधा, त्या हातांना शिक्षा करा. पण तुटलेला पाय पुन्हा फुटत नाही, गेलेला डोळा परत येत नाही. अशा माणसाला पुनःपुन्हा पडताळणीला बोलावण्याचे कारण काय? तपासणारे मंडळ महिन्यातून एकदा तालुक्याला येऊ दे. चार डॉक्टरांनी एक खाडी ओलांडणे सोपे, की चारशे अपंगांनी? टक्का मोजताना धंदाही मोजा. खलाशाचा डोळा खलाशाचा म्हणून मोजा. उत्पन्नाची पट्टी सर्व योजनांना एकच लावा आणि महागाईबरोबर ती वाढवा. दाखल न होता घेतलेले उपचार विम्यात धरा. आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर आले नाही तर अर्ज मेला असे न समजता मंजूर झाला असे समजा. आळसाचा दंड अर्जदाराने का भरावा?

यांतले एकही मागणे दयेचे नाही. दया आम्ही दिवाळीत पुष्कळ करतो. आश्रमात फराळाची ताटे पाठवितो, त्यांची छायाचित्रेही काढून घेतो. प्रतिपदेला बळीची पूजा करतो आणि इडापिडा टळो म्हणतो. बळीने तीन पावले मागणाऱ्या बटूला दाखला विचारला नाही, हे आपण विसरतो. दिलेल्या शब्दाला तो जागला. त्याची थोरवी दानात नाही, शब्द पाळण्यात आहे. आपल्या लोकसभेने २०१६ साली शब्द दिला आहे. तो छापील आहे, कलमवार आहे. तेव्हा यापुढे परीक्षा अपंगाची नको. ती शब्द देणाऱ्याची घ्या. आणि त्याला पस्तीस टक्के मिळाले तरी मी उत्तीर्ण करावयास तयार आहे.